धबधब्याचं जुनं नाव

"राजधारा म्हणे. राणयेक आंघोळीक दुसरो व्हाळ गावलो नाय?" शेवंतीकाकी माझ्या कानाशी पुटपुटली.

"हळू बोल गो काकी."

समोर पर्यटनवाल्या नम्रता मॅडम धबधब्याचे फोटो काढत होत्या. पलीकडच्या गावचा गणपत त्यांना सांगत होता, आमच्यात पिढ्यानपिढ्या ह्याला राजधाराच म्हणतात, लढाईवरून परतताना एक राणी इथे न्हाली म्हणून. राणीचं नाव विचारलं तर म्हणाला, मोठ्या माणसांचं नाव घेऊ नये.

मॅडमचं म्हणणं सरळ होतं. ज्या गावाने जुनं नाव जपलं, त्याच्या वाटेने पायऱ्या आणि गाडीतळ. म्हणजे गाड्या पलीकडून येणार आणि आमच्या वाटेवरच्या माझ्या घावण्यांच्या टपरीत मी माश्या मारत बसणार.

"तुम्ही काय म्हणता ह्याला?" मॅडमनी आमच्या सरपंचांना, भाईंना विचारलं.

भाईंनी घसा साफ केला. "आम्ही आपलं... पाणी म्हणतो."

खरं नाव दोन्ही गावांतल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक. त्या नावात एक म्हातारी आहे. ती काय करते, ते मॅडमना सांगायचं कोणी? भाईंनी माझ्याकडे बघितलं, मी काकीकडे. एरवी हिच्या शिव्या ऐकून म्हशी वाट सोडतात. आज तिने तोंडाला पदर लावला.

मी टपरीमागे गेले आणि गणपतच्या बायकोला फोन लावला. हिरा माझी मावसबहीण.

"हिरा, तुझो घोव खंय आसा, ठावक आसा तुका?"

"नाय गो. कित्याक?"

"फोन करून इचार. नीट सांगीसर सोडू नको."

मी परत येतेय तोवर गणपतचा फोन वाजला. पाण्याच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून त्याने स्पीकर लावला.

"खंय आसात तुमी?"

गणपतने मॅडमकडे बघितलं. "राजधारेकडे."

"कोणाकडे?"

"राजधारेकडे गो."

"ही राजधारा कोण? कोणाचा चेडू?"

भाई आभाळातले ढग मोजायला लागले.

"चेडू नाय गो, पाणी आसा ता."

"बरोबर कोण आसा?" मॅडम नेमक्या तेव्हाच खोकल्या. "बायलमाणूस खोकला ता. खंय आसात ता सरळ सांगा, नायतर मी आता भायर पडतंय."

गणपतने घाम पुसला. एकदा मॅडमकडे बघितलं, एकदा फोनकडे.

"अगो बाय माझे, म्हातारेच्या मुताकडे आसंय मी. म्हातारेच्या मुताकडे."