नाहीशी होणारी तांबडी खूण

“अगं, नुसतं तोंड बघून ओळखायला जाऊ नकोस. हाक मार. जी मान वळवेल, ती धाकटी.”

मावशीच्या जुळ्या शेळ्या. दोघी पांढऱ्या, दोघींच्या कपाळावर सारखाच काळा ठिपका. लहानपणी तिची दरवेळी फसगत व्हायची आणि मावशी तोंडावर हात धरून हसायची. तो आवाज आज कितीतरी वर्षांनी तिच्या कानात उठला, एका परक्या इमारतीच्या जिन्याशी, हातात फोन धरून उभी असताना.

घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणाऱ्या, जखमा बांधणाऱ्या नर्सबायांसाठी तिने अ‍ॅप लिहिलं होतं. नकाशावर पेशंटची तांबडी खूण, आणि नर्स स्वतः असेल तिथे निळा ठिपका. तांबडी खूण दाखवण्याआधी कोडने बघायचं, ही नर्स तर नाही ना? तिने दोन्ही खुणा सरळ एकमेकींशी ताडल्या, तर कॉम्प्युटर अडून बसला. दोन्ही बाजूंचे प्रकार वेगळे, तुलना होणार नाही. अ‍ॅप द्यायची घाई होती. मग तिने पळवाट काढली. प्रकार राहू दे, जागा ताड. चार पावलं इकडेतिकडे चालतील. जागा जुळली की ती नर्सच, तांबडी खूण दाखवू नकोस. पडद्यावरची लाल अक्षरं गेली आणि तिने सुस्कारा सोडला.

या इमारतीत पेशंट दोन. तळमजल्यावर पाय मोडलेले घड्याळवाले काका, बरोब्बर त्यांच्या डोक्यावरच्या मजल्यावर साखरेचा आजार असलेल्या टेलरबाई. काकांच्या दाराशी तिने फोन बघितला. नकाशावर तांबडं काहीच नाही. रस्ता ओलांडून पलीकडे गेली, खूण हजर. परत आली, गुल.

गेल्या आठवड्यात टेलरबाईंचं इंजेक्शन राहिलं. त्या बेशुद्ध पडल्या, इस्पितळात न्याव्या लागल्या, जीव वाचला. एरवी त्या दुसऱ्या नर्सकडे असायच्या, त्या दिवशीच तिच्या नर्स नणंदेच्या, ताईंच्या, यादीत आल्या होत्या. दुरून दोन्ही खुणा एकीवर एक, एकच दिसायची. जवळ गेल्यावर तीही नाही. ताई सांगत राहिल्या, वर कुणी आहे असं मला दिसलंच नाही. नर्सच्या प्रमुख मेट्रनबाईंनी ऑफिसच्या स्क्रीनवर खुणेवर टिचकी मारून दोन्ही नावं दाखवली. ऑफिस त्या इमारतीपासून लांब, तिथे बसून ती दिसणारच होती.

तिने ऑफिसात येऊन ती ओळ बदलली. आधी प्रकार बघ. खूण नर्सच्या प्रकारची नसेल तर पेशंट, मग जागा कुठलीही असो. एवढंच. दिवस कलेपर्यंत सगळ्यांच्या फोनवर नवं अ‍ॅप गेलं. साहेबांनी मान डोलावली, कुणी काही विचारलं नाही. यापुढेही कुणी विचारणार नव्हतं, आणि तेच तिला आतून कुरतडत होतं.

घरी ताई इस्त्री करत होत्या. पांढरा युनिफॉर्म, कॉलर, बाह्या, एकेक सुरकुती मायेनं घालवत. कशाला एवढी कडक, असं तिने विचारलं, तर म्हणाल्या, परत करायचा तर नीट करावा. उद्या जाऊन चूक कबूल करणार होत्या आणि काम सोडणार होत्या.

“डोळे गेले की डोकं, ते तुम्ही ठरवा,” ताई हसल्या. “भावाला म्हणावं, बहीण खुळी झाली, आता पोस तिला.”

तिला हसू आलं नाही. ताईंचाही हात थांबला.

“खरं सांगू वहिनी? आता मलाच वाटतं, खूण असणारच. मीच बघितली नसेल. मग उद्या कुणाच्या दंडाला हात लावायचा कोणत्या तोंडानं?”

तिने पुढे होऊन इस्त्रीचं बटण बंद केलं.

“ताई, युनिफॉर्म परत करू नका. खूण नव्हतीच तिथे. तुम्ही दाराशी पोचलात की ती पुसली जायची, आणि ते कोड माझं आहे. मी आज गुपचूप दुरुस्त केलं. उद्या मेट्रनबाईंकडे मी येते, तुमच्यासमोर सांगते. टेलरबाईंनाही.”