डॉक्टरांच्या गाडीचा उलटा काटा

डॉक्टरांच्या गॅरेजसमोर सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. आत दिवंगत डॉक्टरांची साठ वर्षं जुनी हिरवी मोटार इंजिन बंद ठेवून उभी होती. तिच्या दारात झोतबाबा, आणि रांग सांभाळायला डॉक्टरांचे जावई.

"बाळांनो, दिवे लावले की कुठल्याही गाडीची वीज खर्च होते. इथे बघा!"

बाबाने खटका ओढला. समोरचे दिवे लागले. डॅशवर एक गोल मीटर होतं. मधे शून्य, डावीकडे खर्च, उजवीकडे भरणा. काटा टुणकन भरण्याकडे गेला.

"दिवे जळताहेत आणि बॅटरी भरतेय! हे डॉक्टरांचं आत्मतेज! आणि हा श्वास!" त्याने डॅशवरच्या चिमुकल्या पंख्यापुढे कागदाची पट्टी धरली. पंखा वारा फेकायचा सोडून पट्टीच आत ओढू लागला. माणसांचे हात आपोआप जोडले गेले. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

शेवटच्या रांगेत वायरिंगवाल्या मिस्त्रींची भाची दात आवळून उभी होती.

पंचवीस वर्षं ही गाडी तिच्या मामांच्या हाताखाली होती. महिन्यापूर्वी त्यांनी गाडीचा बॅटरी भरणारा डायनामो दुरुस्त केला, आणि पुढच्या आठवड्यात गाडी वाटेतच बंद पडली. बाबाने भर रस्त्यात निकाल दिला, "मिस्त्रीचा हात अपवित्र. त्या हाताने गाडीचा प्राण गेला." बाईंनीही मामांना नाही नाही ते सुनावलं. लोक अर्धवट उघडलेल्या गाड्या परत घेऊन गेले. "राग मानू नका मिस्त्री, पण बाधा नको." भजन गुणगुणल्याशिवाय पक्कड न उचलणारे मामा मुके झाले.

काल दर्शनाच्या निमित्ताने भाचीने बॉनेटखाली एक नजर टाकली होती. तेवढी पुरली.

"मग गुपचूप जा आणि नीट जोडून ये," मामा म्हणाले.

"त्याने तुमची अब्रू चारचौघांत काढली. मी त्याची चारचौघांतच काढणार."

"सूडाने हात काळे होतात पोरी."

"आपले ग्रीसने काळेच आहेत, मामा."

आज गाडी बाबाच्या आश्रमाला दान जायची होती. कागद तयार होते, बाईंच्या हातात पेन होतं. भाची पुढे झाली.

"महाराज, एक शंका. बॅटरी भरतेय ना? मग दिवे असेच राहू द्या. काठोकाठ भरली की काकू सही करतील."

"देवाची परीक्षा बघतेस?"

"देवाची कशाला? काट्याची बघते."

"होऊन जाऊ द्या!" गर्दीच ओरडली. भक्तांनाच चमत्कार हवा होता. बाबा नाही कसा म्हणणार? भाचीने स्टूल ओढून त्याच्यापुढे ठेवलं आणि स्वतः समोर बसली. चार दिवसांच्या दर्शनाने बॅटरी अर्धीअधिक रिकामी झालीय, हे तिला ठाऊक होतं.

तासाभरात पांढरा उजेड लिंबासारखा पिवळा झाला.

"माझी जपाची वेळ झाली," बाबा उठू लागला.

"इथेच करा की. आम्हीही ऐकतो."

पिवळ्याचा नारिंगी झाला. बाबाच्या कपाळावरून घाम ओघळला. भाचीने तो थेंब थेंब पाहिला. पाप लागत असेल तर लागो, तिला गोड वाटत होतं.

"आत्मा थकलाय," बाबा पुटपुटला.

"भरणा चालू असताना?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. दिवे निखाऱ्यासारखे लालसर झाले आणि विझले. काटा शून्यावर आला.

भाचीने बॉनेट उघडलं. "आता या सगळे. हल्लीच्या गाड्यांत बॅटरीचं ऋण टोक सांगाड्याला जोडतात. ही जुनी गाडी. हिचं धन टोक सांगाड्याला लागतं. मामांच्या दुरुस्तीनंतर कोणीतरी नवी बॅटरी बसवली आणि हल्लीच्या रीतीने उलटी जोडली. दिव्याला प्रवाहाची दिशा कळत नाही, तो जळतो. काटा मात्र उलटा फिरतो, खर्च होतो तो भरणा दिसतो. चुंबकाच्या मोटरचा पंखाही उलटा फिरतो. आणि डायनामो नि बॅटरीची झुंज लागून मधलं हे कटआउट, म्हणजे दोघांना जोडणारा-तोडणारा खटका, करपलं." तिने काळी पडलेली डबी वर धरली. "गाडी यामुळे मेली. मामांच्या हाताने नाही."

करपलेल्या तारा सोडवून तिने हातगाडीवरून आणलेली भरलेली बॅटरी नीट जोडली. दिवे लागले, काटा खर्चाकडे गेला, आणि पंख्यापुढची पट्टी उडाली ती थेट बाबाच्या दाढीत.

"ती उलटी बॅटरी बसवली कोणी?" भाचीने विचारलं.

जावई बुटांकडे बघू लागले. "सगळ्या गाड्यांना तसंच असतं... मला वाटलं..."

"आणि मामांच्या नावाने ओरडा झाला, तेव्हा काय वाटलं?"



भाची गर्दीकडे वळली. "मीही रोज देवापुढे हात जोडते. पण देवाने डोळे दिले, डोकं दिलं, ती त्याचीच देणगी ना? चमत्कार दिसला की आधी विचारा, हे कसं झालं? दुसऱ्यांदा करून दाखवा म्हणा. खरं असेल ते प्रश्नाला भीत नाही. आणि न विचारता कोणा गरिबाच्या हाताला अपवित्र म्हणू नका."

बाईंनी कागद टराटरा फाडला. "मिस्त्रींची माफी..."

"इथे नको, काकू. ज्या रस्त्यावर बोललात, त्या रस्त्याने चला. कटआउट बदलेपर्यंत गाडी चालवायची नाही. ढकलत न्यावी लागेल." तिने बाबाकडे बोट केलं. "मागून ढकला, महाराज. तेज आहे ना?"

बाबा फाटकाकडे सरकला. पण इतका वेळ उन्हात ताटकळलेले भक्त फाटकात उभे होते, आणि आता कोणाचेच हात जोडलेले नव्हते.

भर रस्त्यातून हिरवी मोटार निघाली. मागे जावई आणि झोतबाबा, घामाने निथळत. दुकानादुकानांतून माणसं बाहेर आली. वर्कशॉपपुढच्या चढावर गाडी अर्ध्यात असतानाच मामा दारातून खाली आले. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांदेखत त्यांचे तेलकट हात हातात घेतले आणि माफी मागितली.

मग मामांची नजर धापा टाकणाऱ्या बाबावर गेली. "अगं, त्याला पाणी तरी दे."

"देते की मामा," भाची म्हणाली. "आधी चढ संपू दे."