हलका हात

“गाडीत तुम्ही असाल हो बाई. पण प्रवासी म्हणून नव्हतात,” विमा कंपनीचा माणूस अगदी सौजन्याने म्हणाला.

“मग काय म्हणून होती? स्टेपनी म्हणून?” ताईंचे यजमान ताडकन बोलून गेले. ते बुटांच्या दुकानात सेल्समन. गिऱ्हाईकाने अख्खं कपाट उघडायला लावून एकही जोड घेतला नाही, तरी कपाळावर आठी न उमटणारा माणूस. त्यांचा चढलेला आवाज ऐकून ताईच दचकल्या.

तडजोडीसाठी नेमलेले वयस्कर मध्यस्थ खाकरले. “जरा नीट समजावून सांगा.”

त्या माणसाने समजावून सांगितलं. अ‍ॅपवरून बोलावलेल्या टॅक्सीत प्रवाशाला विमा लागू होतो तो फेरी चालू असेपर्यंतच. आणि नोंदीप्रमाणे टेम्पोने धडक दिली त्याच्या आधीच फेरी संपलेली होती. त्यानंतर बाई गाडीत का बसून राहिल्या, हा त्यांचा आणि ड्रायव्हरचा खासगी मामला.

ताईंना हसावं की रडावं कळेना. उजवा हात गळ्यातल्या पट्टीत होता. डाव्या हाताने त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

ताई एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करत. त्यांचं नाव फार थोड्यांना माहीत असेल. “हलक्या हाताच्या ताई आहेत का?” असं विचारतच लोक आत येत. औषधांनी नसा बुजून गेलेल्या बायका, सुई बघूनच भोकाड पसरणारी पोरं, ‘माझी नस कुणाच्या बापाला सापडत नाही’ असं आल्याआल्या अभिमानाने सांगणारे आजोबा, सगळ्यांना त्याच हव्या असत. ताई घाई करत नसत. दंडाला पट्टा बांधायच्या, बोटाच्या टोकाने हलकेच चाचपायच्या, पोराला त्याच्या मांजराबद्दल विचारायच्या. मांजराची खोडी सांगून होईतो नळी भरलेली असे.

त्या दिवशी अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीच्या घरी रक्त घ्यायला त्या निघाल्या होत्या. सिग्नल तोडून आलेल्या टेम्पोने टॅक्सीला मागच्या दाराशी ठोकलं आणि त्यांचं मनगट दारात चेपलं गेलं. हाड सांधत आलं होतं, पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बधिरच राहिलं होतं. नस शोधायची ती बोटांनी, डोळ्यांनी नव्हे. आणि नेमकं तेच बोट मुकं झालं होतं.

बैठक संपल्यावर बाहेर व्हरांड्यात त्यांच्या वकीलबाईंनी त्यांना बाकावर बसवलं. वकीलबाई वयाने लहान, पण बोलायला सरळ.

“नोंद खोटी नाही, ताई. ड्रायव्हरनेच फेरी आधी संपवली असणार. पुढचं भाडं हातचं जाऊ नये म्हणून करतात कधीकधी. पण तुम्ही मागे बसलेल्या होतात आणि त्याने आधीच बटण दाबलं, हे त्याने इथे येऊन सांगायला हवं.”

“आणि सांगितलं तर?”

“तर अ‍ॅपवाले त्याला कायमचं काढून टाकतील.”

ताईंना तो ड्रायव्हर आठवला. कपाळावरून रक्त ओघळत असताना त्यानेच त्यांना दुसऱ्या दारातून बाहेर काढलं होतं. दवाखान्यात यजमान येईपर्यंत त्यांचा हात आपल्या दोन्ही तळव्यांवर उचलून धरून तो स्टुलावर बसला होता. “माझं चुकलं ताई, माझं चुकलं,” एवढंच बोलत होता. ठोकलं टेम्पोने आणि हा का माफी मागतोय, हे तेव्हा त्यांना उमगलं नव्हतं. आता उमगलं.

संध्याकाळी यजमान त्यांची वेणी घालत बसले. अपघातापासून ते काम त्यांच्याकडे आलं होतं.

“अहो, ओढू नका. बुटाची लेस नाही ती.”

“सैल सोडली तर दारापर्यंत टिकत नाही तुझी वेणी.” मग टोकाला रबर लावत ते म्हणाले, “त्या ड्रायव्हरला गाठू का मी?”

“त्याच्या पोटावर पाय देऊन मला हाताची भरपाई नकोय.”

“आणि आपल्या पोटाचं गं?”

त्यात राग नव्हता. लॅबच्या मालकांनी ताईंची जागा राखली होती, पण पगार थांबला होता, आणि यजमान हल्ली सुटीच्या दिवशीही दुकान उघडायला जात. उभं राहून राहून त्यांच्या पोटऱ्या सुजत. त्याबद्दल ते चकार शब्द काढत नसत, म्हणून ताईंना जास्त लागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी स्वतःच ड्रायव्हरला फोन लावला.

“दादा, मी तुम्हाला या म्हणायला फोन केलेला नाही. आमच्या वकीलबाई बोलावतील. तुम्ही नाही म्हणालात तरी माझ्या मनात काही राहणार नाही, तेवढंच सांगायचं होतं. तुम्ही त्या दिवशी माझा हात खाली पडू दिला नाहीत, हे मी विसरलेले नाही.”

पलीकडून हॉर्न ऐकू येत होते. तो म्हणाला, “गाडी चालवतोय ताई. ठेवतो.”

“झालं!” यजमान कपाळाला हात लावत म्हणाले. “आता येतोय कशाला? तू तर त्याला परस्पर रजाच मंजूर केलीस.”

पुढच्या बैठकीला ते दोघं पोचले तेव्हा तो त्यांच्या आधीच दाराशी उभा होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर जखमेचा पांढुरका व्रण. ताईंकडे बघून त्याने मान हलवली आणि आत जाऊन खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

“फेरी मीच संपवली, साहेब,” कुणी विचारायच्या आत तो म्हणाला. “फोनवर दुसरं भाडं वाजत होतं. ताईंना उतरायचं होतं ते घर समोर दिसत होतं, मध्ये फक्त एक सिग्नल. म्हटलं, एवढ्यात काय होतंय! ताई मागेच बसल्या होत्या. त्यांना याचा पत्ताही नव्हता.”

विमा कंपनीच्या माणसाने पेन खाली ठेवलं. “याचा परिणाम काय होईल, कल्पना आहे ना तुम्हाला?” या वेळी त्याच्या आवाजात सौजन्य नव्हतं, काळजी होती.

“आहे. घरी बोलूनच आलोय. बायको म्हणाली, जे घडलं ते सांगून टाका एकदाचं, नाहीतर जन्मभर कूस बदलत राहाल आणि मलाही झोपू देणार नाहीत.”

मध्यस्थ हसले. यजमान खाली मान घालून आपल्याच बुटांकडे बघत राहिले. मग ते उठले, टेबलाला वळसा घालून ड्रायव्हरपाशी गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

त्याच आठवड्यात अ‍ॅपवाल्यांनी त्याचं खातं बंद केलं. गाडी भाड्याची होती, ती मालकाने परत घेतली. तो एका गोदामात माल चढवायच्या-उतरवायच्या कामाला लागला.

भरपाई मंजूर व्हायला आणखी काही महिने गेले. घबाड नव्हतं ते, पण उपचाराचा खर्च, बुडालेला पगार आणि अधू झालेल्या हाताबद्दल थोडं असं सगळं त्यात आलं. यजमानांची सुटी पुन्हा सुटी झाली. तोवर ताईही लॅबमध्ये परतल्या होत्या. सुई मात्र आता नव्या मुलीच्या हातात असे. ताई रडणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन बसत आणि मुलीला सांगत, “घाई नको. आधी बोटाला कळू दे.”

शेवटची सही करायला त्या एकट्याच गेल्या. डाव्या हाताची सही आता बरी जमत होती. बाहेर आल्या तर ड्रायव्हर फाटकापाशी उभा. वकीलबाईंकडून कळलं होतं, म्हणून कामावरून तसाच आला होता.

“झालं ना ताई, सगळं?”

“झालं. दादा, तुमचे हे उपकार...”

“उपकार कसले! बसस्टॉपवर चला, ऊन फार आहे.”

बसमध्ये चढताना त्याने त्यांना डाव्या बाजूने आधार दिला. शेजारी-शेजारी जागा मिळाली. ताईंनी त्याला आग्रहाने खिडकीशी बसवलं. त्याने मुलीच्या शाळेचं सांगितलं, गोदामातल्या पोत्यांचं सांगितलं, आणि नवीन साहेब बरा आहे म्हणाला. ताई ऐकत होत्या. इतका बोलका असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

चौकात सिग्नल लाल झाला. बसचा वेग कमी होऊ लागला, तसा बोलता बोलता त्याचा उजवा पाय चपलेसकट समोरच्या पत्र्यावर, तिथे ब्रेक असावा तसा, हळूहळू दाबला गेला आणि बस पूर्ण थांबेपर्यंत तसाच दाबलेला राहिला.

ताईंनी ते पाहिलं आणि विचारलं, “मुलगी कितवीत आहे म्हणालात?”