मालकांच्या नावाचा हिरो

आजारी माणसानं पडून राहावं, पण लाज सोडून पडून राहू नये, असं गीताबाईंचं म्हणणं होतं. मेंढरांना वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणताना तेलगावच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीवरून त्यांचे मालक, म्हणजे नवरा, पडले, त्याला सात महिने झाले. कमरेखालचं अंग हलत नव्हतं. ज्या माणसाच्या एका शिट्टीवर शंभर मेंढरं वळायची, तो आता दुपारचा एक वाजला की टीव्हीवर मारामारीचा पिक्चर लावायचा आणि लेकरागत तोंड उघडं टाकून बघायचा.

पिक्चर तरी कसले. हिरो धरणाच्या भिंतीवरून फटफटी उडवणार, वरच्या वर हेलिकॉप्टरला साखळी अडकवणार आणि ट्रॅक्टरनं खाली ओढणार. हेलिकॉप्टर काय दाव्याला बांधलेलं बोकड हाय, ओढलं की यायला, असं गीताबाई कडाडायच्या. कडाडायच्या त्या टीव्हीकडं पाठ करून, सूप मांडीवर घेऊन, तूर निवडत. समोरच्या कपाटाच्या काचेत सगळा पडदा दिसतो, हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही असं त्यांना वाटायचं. एकाच्या ठोक्याला त्यांच्या भाकरी उरकलेल्या असायच्या. निवडलेली तूर त्या पुन्हा निवडायच्या.

एकदा ऐन वेळी लाईट गेली. हिरो नुकताच दरीत पडला होता. संध्याकाळपर्यंत कळ काढून गीताबाईंनी शेवटी सुनेला, सायलीला, भांडी घासता घासता विचारलं, "त्यो तुझ्या सासऱ्याच्या नावाचा मेला का ऱ्हायला गं?"

सायली तोंडाला पदर लावून हसली. हिरोचं नाव शिवशंकर, आणि मालकांचंही तेच. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर चाळीस वर्षं गीताबाईंनी ते नाव जिभेवर येऊ दिलं नव्हतं.

परवा तोच पिक्चर पुन्हा लागला. दरीत पडलेल्या हिरोला वर सात गोळ्याही लागल्या होत्या. कड्यावरून त्याच्या बायकोनं नावानं हाक मारली आणि तो उठला. गीताबाईंचा हात सुपातच थांबला.

मालकांनी आवाज बंद केला.

"काचेत बघतीस ते ठावं हाय मला," ते म्हणाले. "तूबी एक डाव मार की हाक. नावानं."

थट्टा असेल म्हणून गीताबाई वळल्या. मालकांनी दोन्ही हातांनी बाजेची कड धरली होती. तोंडावर हसू नव्हतं.

डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात गीताबाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्यांनी ते पोटात ठेवलं. थंडी सरली की उठाल म्हणाल्या, मग उन्हाळा सरला की उठाल म्हणाल्या. आज हाक मारली नाही, तर हा माणूस उद्याही कड धरून वाट बघणार.

"शिवशंकर," त्या म्हणाल्या. वापराविना कोरडं पडलेलं नाव घशात घासूनच बाहेर आलं.

मालकांनी जोर लावला. दंड थरथरले, मानेच्या शिरा फुगल्या, छाती वीतभर वर आली. पाय होते तिथंच. अंगठ्यावर माशी बसली होती, ती उडालीसुद्धा नाही. मग ते धपकन मागं पडले.

गीताबाईंनी सूप बाजूला ठेवलं, माशी हाकलली, पाय सरळ केले. मग उशाशी बसल्या, या वेळी टीव्हीकडं तोंड करून.

"डॉक्टरनं मला तवाच सांगितलंतं. पाय गेले तुमचे. मी सात महिने खोटं बोलले अन् तुमी येड्यावानी ऐकलं. आता आपल्या घरात उठायचा तर त्योच उठंल, तुमच्या नावाचा. लावा आवाज."