न घटणारं वजन

लाल आकडे पडद्यावर उमटले आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. कालचाच आकडा, परवाचाच आकडा. काचेच्या खोलीत रात्रंदिवस कॅमेऱ्यासमोर बसणारे तेजोबाबा वजनकाट्यावरून उतरले आणि हात जोडून हसले. पोटात अन्नाचा कण नाही, पाण्याचा घोट नाही, तरी देह तसूभर झिजलेला नव्हता.

"ई बरोबर एमसी स्क्वेअर," बाबा माइकमध्ये म्हणाले. "शास्त्रज्ञांनी फळ्यावर लिहिलं, आम्ही अंगात मुरवलं. ऊर्जा म्हणजेच वस्तुमान. उजेड प्या, देह आपोआप घडेल. गॅस सिलिंडरवाल्याची तेवढी माफी मागून टाका."

लोक हसले. मागच्या रांगेत ताईही हसली. शेजारी बसलेली तिची धाकटी बहीण शाळेत फिजिक्स शिकवायची. तिला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बाईला हसू आलं नाही. तिची नजर ताईच्या ड्रेसवर होती. ताई शिवणकाम करायची, आणि हल्ली गिऱ्हाइकांपेक्षा स्वतःचेच कपडे जास्त आत घेत होती.

भावजी गेल्यापासून एकटीसाठी स्वयंपाक करणं ताईच्या जिवावर यायचं. उजेडावर जगायचं हे आधी तिला सोयीचं वाटलं, पटलं नंतर. सकाळभर गच्चीत बसायची, मग मशीनवर, मध्ये नुसतं पाणी. आणि सुकत चालली होती. बाबांना विचारलं तर म्हणाले, श्रद्धेला भोक असलं की उजेड गळतो. तेव्हापासून ताईचा सगळा राग स्वतःवरच.

बाईनं घरी आकांडतांडव केलं, हातापाया पडून झालं. शेवटी कागद घेऊन बसली. हा ज्या समीकरणाची जपमाळ ओढतो, तेच याला खोटं पाडतं, म्हणाली. भर उन्हात, एक किरण वाया न घालवता बसलीस, तरी ग्रॅमभर वस्तुमान घडायला हजारो वर्षं लागतील. ताईनं टाके उसवता उसवता सगळं ऐकून घेतलं.

"तुझं गणित बरोबरच असणार ग. पण त्यांचं वजन घटत नाही, हे डोळ्यांनी दिसतंय ना?"

बाईनं कागद उलटून नवा हिशोब मांडला. नुसता बसून राहिलेला माणूसही श्वासातून आणि घामातून रोज अर्धा-पाऊण किलो गमावतो. खरोखर उपाशी असेल त्याचं वजन घटायलाच हवं. ज्याचं घटत नाही, त्याच्या पोटात काहीतरी जातंय. म्हणजे हॉलभर लोक रोज टाळ्या वाजवत होते ते बाबांच्या कबुलीजबाबाला.

पण जातंय काय? प्रवचनानं तोंड कोरडं पडतं म्हणून बाबा घडोघडी चूळ भरत. काचेच्या जगमधलं पाणी तोंडात घ्यायचे, खाली धरलेल्या तस्तात टाकायचे. ते तस्त धुण्याची सेवा बाईनं मागून घेतली. लगेच मिळाली. बाबांचे पाय चेपायला रांग होती, थुंकी धुवायला नव्हती. मोरीत तस्त ठेवून ती साबण आणायला वळली, परत येईस्तोवर काठावर मुंग्या चढल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बाबा डोळे मिटून ध्यानात असताना बाईनं भरलेला जग आणि रिकामं तस्त दोन्ही काट्यावर ठेवलं. पडद्यावर आकडा उमटला. लोकांना वाटलं, असेल काही विधी. बाबांनी डोळे उघडले, नेहमीसारख्या चुळा भरल्या. बाईनं दोन्ही भांडी पुन्हा काट्यावर ठेवली. आकडा पाव किलोनं खाली आला होता.

"भांडी तीच, पाणी तेच," ती म्हणाली. "जगमधलं तस्तात पडलं. मग पाव किलो गेलं कुठे?"

तिनं जग पहिल्या रांगेतल्या आजींच्या हातात दिला. आजींनी बोट बुडवून चाटलं.

"अग बाई, गोड आहे."

ग्लुकोज. विरघळलं की पाण्यासारखंच दिसतं. दोन घोट घ्यायचे, एक गिळायचा, एक थुंकायचा.

मग एक गृहस्थ उठून म्हणाले, काटा बिघडलाय. हाच काटा कालपर्यंत देवासारखा खरा होता. कुणी म्हणालं, बाईची नजरच वाईट. बाबा मागच्या दारानं गाडीकडे निघाले, आणि निम्मा हॉल त्यांच्या पाया पडायला मागोमाग धावला. पुढे ते दुसऱ्या गावात बसले म्हणतात. तिथे काटा ठेवत नाहीत.

ताई नीट दिसावं म्हणून उभी राहिली होती. ती तिथेच कोसळली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी बाईला बाहेर बोलावून सांगितलं, उपाशी शरीर आधी चरबी जाळतं, मग स्नायू. हृदय हाही स्नायूच. जपावं लागेल, पहिल्यासारखं होईलच असं नाही.

बाईनं चमच्यानं दूध पाजलं. ताईनं विचारलं, "माझ्या श्रद्धेला भोक नव्हतं ना ग?"

"नव्हतं. त्या हॉलमध्ये खरी उपाशी तू एकटीच होतीस, ताई. म्हणून तूच घटलीस."

ताईनं खुंटीवरच्या ड्रेसकडे पाहिलं. "तो टाकू नकोस हं. आत घेतलेलं कापड कापलं नाहीये मी, शिवणीतच आहे. उसवलं की पुन्हा होईल मला."

हृदय असं उसवून पुन्हा मापात आणता येत नाही, हे बाईनं तिला सांगितलं नाही.

तुम्हाला मात्र सांगायला हवं. टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा: आत काय गेलं, बाहेर काय आलं? हिशोब जुळत नसेल तर भांडी काट्यावर ठेवा. आणि घरातलं कुणी रोज घटत असेल, तर त्याच्या श्रद्धेतली भोकं शोधत बसू नका. त्याला आधी जेवायला वाढा.