रुसलेली झाडं

बायकोची बदली दोन वर्षांसाठी दुसऱ्या गावी झाली आणि बैठकीतला चार फुटी फिशटँक चष्मेवाल्याच्या गळ्यात पडला. ती पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर लोकांचं पाणी तपासायचं आणि घरी आल्यावर स्वतःचं, हा तिचा बारा वर्षांचा शिरस्ता. टाकीत मासे जेमतेम दहा-बारा, बोटाच्या पेराएवढे. बाकी सगळी झाडंच. मागच्या काचेला लागून फितीसारखी लांब पानं, लाकडाच्या ओंडक्याला दोऱ्याने बांधलेलं नेचं, आणि पुढे क्रिप्ट नावाची तपकिरी पानांची ठेंगणी झाडं. एका रोपापासून वाढवत तिने त्यांचा गालिचा केला होता.

निघताना ती म्हणाली, "आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदल. बाकी काही करू नकोस."

"काही म्हणजे?"

"काहीच. तुला जमणार नाही म्हणा."

खरंच जमलं नाही. दुकानात एखादं भिंग अर्धा मिलिमीटर सरकलं तरी चष्मेवाल्याला चैन पडत नसे, आणि टाकीत तर सगळंच सरकलेलं. ओंडका एका बाजूला, झाडं मनाला येईल तिथे. तीन आठवडे त्याने हात आवरला. चौथ्या रविवारी पट्टी घेऊन काचेवर मध्यरेषा आखली, ओंडका मधोमध आणला आणि क्रिप्ट मुळासकट उपटून दोन-दोन इंचांवर रांगेत लावले. संध्याकाळी टाकी त्याच्या दुकानाच्या शोकेससारखी दिसत होती.

पाचव्या दिवशी पानांना भोकं पडली. पुढच्या आठवड्यात ती उकडलेल्या भाजीसारखी लिबलिबीत होऊन खडीवर लोळली. त्याने दिवा जास्त वेळ लावून ठेवला, खताच्या गोळ्या दुप्पट केल्या. त्यातून एवढंच झालं की काचेवर आणि नेच्यावर शेवाळ चढलं. बायको फोनवर विचारायची, "टाकी कशी आहे?" तो म्हणायचा, "छान."

तिची सुट्टी बारा दिवसांवर आली, तेव्हा त्याने उरलेली बुडखं पिशवीत भरली आणि मासेवाल्याचं दुकान गाठलं. हा माणूस विकायचा मासे आणि बोलायचा मात्र झाडांबद्दल. त्याने पिशवीत डोकावून पाहिलं.

"ही का उपटलीत?"

"मेली. अगदी अशीच नवीन द्या."

"मेली नाहीत हो, रुसलीत. जागा बदलली की ही पानं टाकतात. मुळं शाबूत आहेत. महिनाभर हात लावू नका, फुटतील."

चष्मेवाल्याकडे महिना नव्हता. पिशवी तिथेच सोडून तो तशाच दिसणाऱ्या रोपांची जुडी घेऊन आला. बायकोच्या वाढदिवसाच्या एका फोटोत तिच्या मागे टाकी दिसत होती. तो फोटो काचेला चिकटवून त्याने एकेक झाड बरहुकूम लावलं, ओंडका परत बाजूला सरकवला. मग बायकोचा फोन आला की सुट्टी पुढे गेली. ती आली दोन महिन्यांनी.

आल्या आल्या बॅग खांद्यावरून न उतरवताच ती टाकीसमोर उभी राहिली.

"ही झाडं कुठून आणलीस?"

"कुठून म्हणजे?"

"अरे, बारा वर्षं रोज बघत होते मी."

त्याने सगळं सांगून टाकलं, मध्यरेषेसकट. ती ऐकत राहिली. "आणि मला छान म्हणून सांगत होतास," एवढं म्हणून हातपाय धुवायला गेली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं त्याला जेवताना वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी दोघं मासेवाल्याकडे गेली. बुडखं त्याने गच्चीवरच्या टबात टाकली होती. कोंब दिसले तशी मागच्या गल्लीतल्या एका रिटायर्ड नर्सबाईंना देऊन टाकली होती.

नर्सबाईंची टाकी लहान, खिडकीशेजारच्या टेबलावर. क्रिप्ट तिथे दाट फुटले होते. फक्त पानं तपकिरी नव्हती, हिरवी होती. बायको वाकून बघत राहिली.

"पाणी कुठलं घालता?"

"नळाचंच. तुमची का ही? मला वाटलंच, इतकी जुनी मुळं दुकानात मिळत नाहीत. न्या परत. मी काही म्हणणार नाही."

चष्मेवाल्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"नको," बायको म्हणाली. "इथे लागलीत ती. कडेला फुटलेलं ते पिल्लू तेवढं द्या."

नर्सबाईंनी मलमपट्टीची जुनी कात्री आणून पिल्लू कापून दिलं. घरी आल्यावर बायकोने ते टाकीत लावलं नाही, काचेच्या बरणीत ठेवलं.

"आपल्यात नाही लावायचं?"

"तुझी टाकी आहे ती आता. तुला हवं ते लाव."

हा टोमणा होता की नाही, हे त्याला कळलं नाही. चार दिवसांनी ती बरणी मांडीवर घेऊन बसने गेली.

त्यानंतर फोनवर तो खरं सांगू लागला. फितीची पानं पिवळी पडतायत, एक मासा तळाशी बसून असतो. ती खोदून खोदून विचारायची आणि उपाय सांगायची. मग स्वतःच्या बरणीचं सांगायची. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पण झाडांवर दोघं अशी कधी बोललीच नव्हती. ती टाकीत हात घालून उभी असायची आणि तो शेजारी बसून बातम्या बघायचा.

दोन वर्षं संपली तशी खात्याने तिची बदली आणखी वर्षभर लांबवली. तिने भाड्याच्या खोलीत दोन फुटी टाकी घेतली. चष्मेवाला दुकान बंद ठेवून तिकडे गेला. जाताना फितीच्या झाडांची पाच रोपं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून नेली. तिने त्यातली दोन निवडली. बाकीची इथे मावणार नाहीत, म्हणाली. तिने चिमट्याने रोपं खडीत रोवली, त्याने वरून दिवा धरला. पाणी निवळायला तासभर लागला. मग दोघं जेवली आणि तो संध्याकाळच्या बसने परतला.