पाचशे अडतीस

स्वप्नाने मोबाइलवर आलेला सहा आकडी ओटीपी टाकला आणि फोन टीपॉयवर, कोकम सरबताच्या पेल्याशेजारी, घरमालकीण कमळाताईंनाही दिसेल असा ठेवला. लपवायचं काही नव्हतंच. पडद्यावरच्या चक्रातला काटा वर चढू लागला आणि मध्येच तांबड्या पट्ट्यात थांबला. खाली आकडा उमटला. पाचशे अडतीस.

"हे चांगलं की वाईट?" कमळाताईंनी चष्मा नाकावर सरकवत विचारलं.

आठशेच्या खाली येणार नाही, असं स्वप्ना धरून चालली होती. सात वर्षांची सरकारी नोकरी, आणि उधारीवर कधी कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेतलेली नाही. तिने अॅप बंद करून पुन्हा उघडलं. पाचशे अडतीसच.

रत्नागिरीत स्वप्नाच्या जाधव आडनावाला एक जोडप्रश्न ठरलेला असतो. गाव कुठलं, आणि गाव कळलं की सहज विचारल्यासारखं, वाडी कुठली. वाडी सांगितली की घरमालकाचा पुतण्या अचानक मुंबईहून राहायला येणार असतो. महिनाभरात असे दोन पुतणे स्वप्नाच्या वाट्याला आले होते. कमळाताईंनी मात्र गावावरच थांबून एकदम सिबिलचं, कर्जाची पत दाखवणाऱ्या आकड्याचं, विचारलं. मागचा भाडेकरू चार महिन्यांचं भाडं बुडवून गेला होता, तेव्हा पुण्याच्या मुलाने, शुभंकरने, त्यांना बजावलं होतं की आकडा पाहिल्याशिवाय खोल्या द्यायच्या नाहीत. स्वप्नाला हा प्रश्न फार आवडला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कोणी तिला अशा परीक्षेला बसवत होतं, जिचा तिचा अभ्यास पक्का होता. म्हणून तर तिने मोठ्या तोऱ्यात फोन पुढे ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

खाली तळमजल्यावरच्या, भाड्याने द्यायच्या त्या दोन खोल्यांत तिची आई बसली होती. सीताबाईंना जिना चढवत नव्हता. दवाखान्यात डायलिसिससाठी मंगळवार-शुक्रवारची जागा मिळाली होती, आणि या मंगळवारी हजर झालं नाही तर ती यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती. वेळणेश्वरच्या अलीकडच्या त्यांच्या गावातून तवसाळची फेरीबोट धरून आठवड्यातून दोनदा येणं-जाणं त्या शरीराला झेपणारं नव्हतं. स्वप्ना राहायची ते महिला वसतिगृह, तिथे आईला ठेवू देत नव्हते. आज शनिवार होता.

तिने अहवाल खाली सरकवला. एकच कर्ज होतं. वैयक्तिक, सहा लाख, सात वर्षांपूर्वीचं. आजवर थकलेले हप्ते अकरा.

"एक फोन करून येते," ती म्हणाली आणि गॅलरीत गेली.

चुलतभाऊ महेंद्र गावी होता. वाडीतल्या विहाराच्या समितीचा खजिनदार तोच.

"महेंद्रदादा, विहाराचं कर्ज माझ्या नावावर आहे?"

पलीकडे महेंद्रने आधी पंखा बंद केला.

"तुझ्याच तर नावावर घेतला होता गो. इसरलीस काय? समितीला बँक देत नव्हती. नोकरीवाले आपण पाच जणा. बाकीचे सगळे रिटायर व्हायला टेकलेले, म्हणून कर्जदार तू नि आम्ही जामीन."

विसरली नव्हती. नोकरीचा दुसराच महिना होता, आणि वाडीतले सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते. आई म्हणाली होती, पुण्याचं काम आहे, नाही म्हणू नकोस. स्वप्नाने सात ठिकाणी सह्या केल्या आणि पेढा खाल्ला. पण ते कर्ज तिने कधी आपलं म्हणून मोजलंच नव्हतं. ते वाडीचं होतं. हप्ता वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाच्या वर्गणीतून जायचा, बँकेत फोन नंबरही महेंद्रचाच दिलेला.

"हप्ते थकले ते मला का नाही सांगितलंत?"

"लॉकडाऊन लागला नि मुंबयवाल्यांच्या नोकऱ्या गेल्या. वर्गणी कुठून येणार? नि तुला कुठल्या तोंडाने सांगू? आता भरतोय ना आम्ही, अकरातले दोनच हप्ते रवलेत. नितेशने बैल इकले त्याच्यापायी."

तिला रागवायचं होतं. पण वाडीतल्या नितेशच्या बैलांचं ऐकल्यावर रागाला जागाच उरली नाही. तिने फोन ठेवला आणि कठडा धरून उभी राहिली. खालून आईचा आवाज येत होता, ती कमळाताईंच्या मोलकरणीला विचारत होती की खोलीत सकाळचं ऊन कुठवर येतं.

ती आत आली तेव्हा कमळाताईंनी तिचा पेला पुन्हा भरला होता.

"अगं, बस. तोंड बघ कसं झालंय. आकडा वाईट आहे ना? कळलं मला, तांबडा रंग मलाही कळतो. जाऊ दे. शुभंकरचं काय, त्याला पुण्यात बसून सगळी माणसं चोर दिसतात. मी माणूस बघून घर देते. तुझी आई आजारी, तू नोकरीवाली पोर. दोन महिन्यांचं आगाऊ दे आणि सोमवारी सामान आण."

स्वप्नाच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिथेच गप्प राहिली असती तर बरं झालं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण ही बाई आपल्याला कर्जबुडवी समजून वर दया करते आहे, हे तिला सहन होईना. सात वर्षं जपलेलं नाव होतं. ते निदान एका माणसापुढे तरी धुऊन निघावं, असं तिला फार वाटलं.

"ताई, ते कर्ज माझं नाही. मी बुडवलेलं नाही. आमच्या वाडीने विहार बांधला, तेव्हा बँकेला कोणाचं तरी नाव हवं होतं. लॉकडाऊनमध्ये वर्गणी थांबली. तरी माणसांनी बैल विकून हप्ते भरलेत. दोनच उरलेत."

कमळाताई ऐकत होत्या. त्यांची मान प्रत्येक वाक्याला हलत होती, ती मध्येच हलायची थांबली.

"विहार म्हणजे?"

"बुद्धविहार."

"अच्छा." त्यांनी टीपॉयवरचा सरबताचा ओघळ पदराने पुसला. तो पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या. "चांगलं काम केलंत हो. देवाधर्माचं काम ते."

आत कुकरची शिट्टी झाली. त्या उठल्या नाहीत.

"फक्त काय आहे," त्या म्हणाल्या, "शुभंकरला एकदा विचारायला हवं. घर तसं त्याच्याच नावावर आहे. आणि आकडा फारच कमी आहे हो तुमचा. पाचशे म्हणजे... त्याने निक्षून सांगितलंय, सातशेच्या खाली नाही म्हणून."

"मघाशी तुम्ही सोमवारी सामान आणायला सांगितलंत."

"मला कुठे कळतंय त्यातलं? मी आपली भावनेच्या भरात बोलून गेले." त्या हसल्या. हसणं मघासारखंच मायाळू होतं, आणि स्वप्नाला धक्का बसला तो त्याचाच. "राग मानू नका. सरबत घ्या ना, तसंच राहिलंय."

स्वप्नाने पेला उचलला, सगळं सरबत पिऊन टाकलं आणि फोन पर्समध्ये ठेवला.

खाली सीताबाईंनी दोन्ही खिडक्या उघडल्या होत्या. भिंतीला टेकून, पाय लांब करून त्या बसल्या होत्या.

"खाट हय लावूया," त्या म्हणाल्या. "वारो बरो येतो. काय म्हनली ती?"

"नाही म्हणाल्या. बँकेतला माझा आकडा कमी निघाला. विहाराचे हप्ते थकले होते म्हणून."

सीताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. सह्या कर म्हणून सांगणाऱ्या त्याच होत्या, ते त्यांना आठवलं असावं. त्या घाईघाईने हातावर जोर देऊन उठू लागल्या.

"मगे सांगायचा नाय काय तिला? करज आपला नाय, विहाराचा हाय म्हणून. चल, मी सांगतंय. चढन मी दोन पायऱ्या."

"सांगितलं, आये."

सीताबाई अर्ध्या उठल्या होत्या, तशाच थांबल्या. मग त्यांनी हात पुढे केला, स्वप्नाने तो धरून त्यांना उभं केलं. दोघींनी मिळून दोन्ही खिडक्या लावून घेतल्या.